आराखडा गावाच्या हाती : जामखेडच्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पाची वाटचाल

१९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य जामखेडला आलं, तेव्हा त्यांच्यापाशी एक लेखी आराखडा होता. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करताना तो तयार झाला होता. किती लोकसंख्या घ्यायची, कोणते आजार आधी हाताळायचे, बालमृत्यू आणि जन्मदर कसा खाली आणायचा, कोणता कर्मचारी कुठे नेमायचा, हे सगळं त्यात होतं. त्यातली उद्दिष्टं पुढे टिकली. माणसं मात्र पार बदलली. ज्यांच्या भरवशावर काम उभं राहायचं होतं ती पदं मागे पडली आणि ज्यांचा आराखड्यात उल्लेखही नव्हता अशा निरक्षर बायकांच्या हाती काम आलं. हा बदल का झाला आणि कुणी घडवून आणला, हे समजलं की जामखेडचा प्रकल्प समजतो.

रजनीकांत नगर जिल्ह्यातलेच, मेबल जबलपूरच्या. दोघांची ओळख वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात झाली. खेड्यातल्या गरिबांसाठी काम करायचं, हे लग्न करतानाच ठरलेलं होतं. त्याप्रमाणे १९६२ ते १९६६ ही वर्षं त्यांनी नगर जिल्ह्यातल्याच वडाळा इथल्या मिशन रुग्णालयात काढली. दवाखाना चांगला चालला. रोगी बरे होऊन घरी जात आणि काही महिन्यांनी तोच आजार घेऊन परत येत. जुलाबाने सुकलेलं मूल वाचवून घरी धाडलं तरी घरचं पाणी तेच आणि ताटातली भाकरीही तेवढीच. दवाखान्याच्या दारात येणाऱ्या बहुतेक दुखण्यांची मुळं दवाखान्याबाहेर आहेत आणि ती उपटायला शस्त्रक्रियेची तालीम पुरत नाही, हे त्या चार वर्षांत त्यांना कळून चुकलं. पुढे ते अमेरिकेला गेले. वैद्यक आणि शस्त्रक्रियेचं उच्च प्रशिक्षण संपल्यावरही ते तिथे थांबले आणि सार्वजनिक आरोग्य शिकले, ते याच कारणाने. हॉपकिन्समध्ये त्यांना डॉ. कार्ल टेलर यांच्यासारखे गुरू मिळाले. टेलर यांचा जन्मच भारतातला, मिशनरी डॉक्टरांच्या घरातला. खेड्यातल्या आरोग्याचा प्रश्न त्यांना पुस्तकातून शिकावा लागला नव्हता.

जागेची निवड हा आराखड्यातला पहिला निर्णय, आणि तो विचारपूर्वक झाला. नगर शहरापासून जामखेड पाऊणशे किलोमीटरवर, बालाघाटाच्या डोंगररांगेत, बीड जिल्ह्याच्या हद्दीला लागून. पाऊस बेभरवशाचा, जमीन हलकी आणि दिवाळी सरली की ऊसतोडीला बाहेर पडणारी कुटुंबं. गरज तर होतीच, पण नुसती गरज पाहून गाव निवडायचं नाही असं आरोळे दांपत्याने ठरवलं होतं. तिथल्या लोकांनी आधी बोलावलं पाहिजे आणि कामात वाटा उचलण्याची तयारी दाखवली पाहिजे. जामखेडच्या पुढाऱ्यांनी बोलावलं आणि जागाही दिली. पशुवैद्यकीय दवाखान्याच्या जुन्या इमारतीत माणसांचा दवाखाना सुरू झाला. वेगवेगळ्या जातींची आणि पक्षांची माणसं घेऊन सल्लागार समिती नेमली गेली. सुरुवातीच्या खर्चाला जिनिव्हाच्या ख्रिश्चन मेडिकल कमिशनची मदत मिळाली. पहिल्या टप्प्यात सुमारे ३० गावं आणि ४०,००० लोकवस्ती घ्यायची असं ठरलं.

उपचार आधी की प्रतिबंध आधी, हा सार्वजनिक आरोग्यातला जुना वाद. पुस्तकी उत्तर प्रतिबंधाच्या बाजूचं आहे. जामखेडात मात्र रुग्णालय आधी उभं राहिलं, कारण लोकांना ते हवं होतं. अडलेली बाळंतीण, अपघातात मोडलेला पाय, पोटात उठलेली कळ यांची सोय नसलेल्या तालुक्यात लसीचं महत्त्व सांगायला जाणाऱ्याचं कोण ऐकणार? रुग्णालयाने विश्वास कमावला, तिथल्या फीमधून पैसाही उभा राहिला आणि त्या पैशावर गावातलं काम पोसता आलं. कुष्ठरोग्यांसाठी वेगळी वसाहत किंवा वेगळा वॉर्ड काढला नाही. इतर रोग्यांच्या रांगेतच त्यांना तपासलं जाई. वरकरणी ही कारभाराची साधी बाब दिसते. पण रोग्याला गावाबाहेर काढणाऱ्या समाजाला ते रोजच्या रोज मिळणारं उत्तर होतं.

काम मार्गी लागतं न लागतं तोच दुष्काळ पडला. १९७२ च्या आसपासची ती वर्षं महाराष्ट्राने अजून विसरलेली नाहीत आणि जामखेड तर आधीच अवर्षणग्रस्त. गावात लसीकरणाची गोष्ट काढली की लोक पाणी आणि धान्य मागत. आरोग्याच्या आराखड्यात बोअरवेल नव्हती, सामुदायिक स्वयंपाकघर नव्हतं, बांधबंदिस्तीही नव्हती. आपलं काम आरोग्याचं, दुष्काळाचं सरकार पाहून घेईल, असं म्हणायला आरोळे दांपत्य मोकळं होतं. त्यांनी आराखडा बाजूला ठेवला आणि लोकांच्या मागणीपासून सुरुवात केली. लहान मुलांसाठी गावोगाव स्वयंपाकघरं सुरू झाली. ती चालवायची गावाने, लाकूडफाटा आणि भांडीकुंडी गावाची, पुढे धान्य पिकवायला जमीनही गावातल्याच कुणाची. कामाच्या बदल्यात धान्य देऊन बांध घातले गेले. विंधणविहिरी खोदल्या गेल्या.

या विहिरींची गोष्ट थोडी विस्ताराने सांगायला हवी, कारण प्रकल्पाचा स्वभाव इथे उघड झाला. सार्वजनिक पाणवठ्यावर दलितांना घागर बुडवायची मुभा नसे. कुणीतरी वरून ओंजळीत पाणी ओतेपर्यंत ताटकळत उभं राहायचं, ही रीत कायद्याने बंदी येऊन पंधरा-वीस वर्षं झाली तरी चालू होती. आता नव्या विहिरीची जागा ठरवायची होती. दलित वस्तीतच पाणी शोधा, असा आग्रह आरोळे यांनी धरला. पंप तिथे बसले. दुष्काळात स्वच्छ पाणी तिथेच मिळत असल्याने घागरी घेऊन सगळं गाव त्या वस्तीत येऊ लागलं. भाषण नाही, मोर्चा नाही. पंपाचा दांडा कुणी हलवायचा आणि पाणी कुणी भरायचं, याचे नियम आपोआप मोडले. पाण्याचा प्रश्न सोडवताना जातीचा प्रश्न ‘नंतर बघू’ म्हणून बाजूला ठेवायचा मोह समाजसेवी संस्थांना नेहमी होतो. जामखेडात दोन्ही प्रश्न एकाच खड्ड्यात हाताळले गेले, तेही नेमक्या त्या घडीला, जेव्हा गावाला नाही म्हणणं परवडणारं नव्हतं. संधीची वेळ ओळखणं हाही नियोजनाचाच भाग असतो.

पुरुषांना एकत्र आणायला व्हॉलीबॉल कामाला आला. संध्याकाळी डॉक्टर गावात जात आणि जाळी बांधून खेळ सुरू होई. एका बाजूला कोण उभं राहील, हे जातीवर ठरत नसे. खेळानंतरच्या गप्पांतून तरुण शेतकरी मंडळं निघाली. बैल, बियाणं, विहिरी, कर्जं असे विषय आधी निघत आणि हळूहळू मुलांच्या आजारांवर बोलणं येई. मुलांची वजनं घेणं, घरोघर पाहणी करणं ही कामं मंडळांनी उचलली. बाहेरच्या तज्ज्ञाने केलेली पाहणी अहवालात जाऊन बसते. आपल्याच पोरांची वजनं आपणच काट्यावर पाहिली की आपल्या गावात कोण उपाशी आहे आणि कुणाच्या घरचं मूल आहे, हे साऱ्या मंडळाला दिसतं.

आराखड्यातली सर्वांत मोठी उलथापालथ मात्र नर्सच्या पदावरून झाली. प्रत्येक गावात किंवा दोन-तीन गावांत मिळून प्रशिक्षित सहायक परिचारिका राहील, अशी मूळची कल्पना होती. कागदावर ती निर्दोष होती आणि सरकारी व्यवस्थाही तीच कल्पना घेऊन चालत होती. प्रत्यक्षात एकटी तरुण मुलगी परक्या गावात राहायला कचरत असे. तिची भाषा शिकलेल्यांची, कपडे शहरी, वय कोवळं. चार पोरं झालेली बाई तिच्याकडून बाळंतपणाचं काय शिकणार? नर्स गावात टिकेनात. टिकल्या तरी गाव त्यांचं ऐकेना. पगार वाढवणं, क्वार्टर बांधणं, कारवाईची भीती घालणं असे नेहमीचे उपाय समोर होते. तोडगा निघाला तो एका गावच्या सरपंचाकडून. आमच्याच गावातल्या एखाद्या बाईला शिकवा, असं त्याने सुचवलं.

सूचना साधी होती, पण ती मान्य करायची तर डॉक्टरांना आपल्या विद्येविषयीची एक पक्की समजूत सोडावी लागणार होती. निवड गावाने करायची, असं ठरलं. गावांनी निवडलेल्या बायकांपैकी बहुतेक निरक्षर होत्या, बऱ्याच दलित होत्या, काही विधवा, काही नवऱ्याने टाकलेल्या. ज्यांना गावात कुणी विचारत नव्हतं, अशाच बऱ्याच जणी आल्या. आठवड्यातून एकदा त्या जामखेडला येत, रात्री मुक्काम करत आणि दुसऱ्या दिवशी गावी परतत. लिहिता-वाचता येत नसल्याने शिकवणं चित्रांतून, गाण्यांतून, गोष्टींतून आणि हाताने करून पाहण्यातून चाले. स्टेथोस्कोप कानाला लावून त्यांनी स्वतःच्या छातीतले ठोके ऐकले. ओल्या बाळंतिणीचा चीक फेकू नये, पहिल्या तासातच बाळाला पाजावा. पोटुशी बाई जास्त जेवली तर बाळ मोठं होऊन अडेल, ही भीती खोटी. गोवर म्हणजे देवीचा कोप नव्हे. नाळ कापायला पातं आणि बांधायला दोरा उकळलेला हवा. जुलाब लागले की मूठभर साखर आणि चिमूटभर मीठ घातलेलं पाणी पाजत राहायचं. हे ज्ञान लहान दिसतं, पण जामखेड तालुक्यातली पोरं मरत होती ती याच्याच अभावी.

वर्गात शिकणं एक आणि रात्रीचा मुक्काम दुसरं. वेगवेगळ्या जातींच्या बायका एका छपराखाली आल्या तेव्हा सुरुवातीला जी ती आपापला कोपरा धरून बसली. वेगळं जेवण, वेगळं अंथरूण. मग एक भलीमोठी गोधडी शिवली गेली, साऱ्या जणींना पुरेल एवढी. थंडीच्या रात्री पांघरायला तेवढीच. तिच्याखाली झोपलेल्या बायकांनी दुसऱ्या दिवशी एकमेकींच्या गावातली अडलेली बाळंतपणं एकमेकींना सांगितली. ज्या बाईने जन्मभर दुसऱ्याच्या उंबऱ्याबाहेर थांबायचं, ती पुढे वरच्या जातीच्या घरात बाळंतपण करायला आत, माजघरापर्यंत जाऊ लागली. तिला आत घ्या असं गावाला कुणी बजावलं नव्हतं. तिच्या हातून मुलं जगत होती, तेवढं पुरलं.

या बायकांना प्रकल्पाने पगारी नोकर केलं नाही. त्यामागे विचार होता. पगार देणाऱ्याला उत्तर द्यावं लागतं. यांनी गावाला उत्तर द्यावं, असं आरोळे यांना वाटे. उपजीविकेसाठी शेळ्या, बांगड्या, सुकी मासळी असे छोटे धंदे करायला शिकवलं गेलं, कर्जाची वाट दाखवली गेली. महिला मंडळं त्यांच्याभोवतीच उभी राहिली. या धोरणावर टीका होऊ शकते आणि ती व्हायलाही हवी. बायकांच्या श्रमांना मोबदला न देता सार्वजनिक आरोग्य चालवावं का, हा प्रश्न आज ‘आशा’ या गावपातळीवरच्या सरकारी आरोग्य कार्यकर्त्यांच्या आंदोलनांनी पुन्हा पुढे आणला आहे. जामखेडचं उत्तर सगळीकडे चालेल असं नाही. पण हा निर्णय विचार करून घेतला गेला आणि त्याची भरपाई अन्य मार्गांनी करण्याची धडपड झाली, ही गोष्ट त्याचा न्याय करताना लक्षात ठेवायला हवी.

आता आकडे. हा प्रकल्प पहिल्या दिवसापासून मोजत आला. १९७१ मध्ये प्रकल्पाच्या गावांत दर हजार जन्मांमागे १७६ अर्भकं वर्षाच्या आत दगावत होती. १९७६ मध्ये ही संख्या ५२ वर आली आणि १९९३ मध्ये १९ वर. जन्मदर हजारी ४० वरून २० पर्यंत उतरला. पाच वर्षांखालच्या कुपोषित मुलांचं प्रमाण ४० टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आलं. गरोदरपणातली तपासणी आणि सुरक्षित बाळंतपण या दोन गोष्टी १९७१ मध्ये जवळजवळ नव्हत्याच. १९७६ पर्यंत सत्तर-ऐंशी टक्के बायकांना त्या मिळू लागल्या. अर्भकमृत्यूंतली पहिल्या पाच वर्षांची घसरण सर्वांत मोठी आणि तीही महाराष्ट्राने पाहिलेल्या भीषण दुष्काळाच्या काळातली. या अवधीत गावात नवा डॉक्टर बसला नव्हता. विहीर, स्वयंपाकघर आणि गावातली एक बाई, एवढीच भर पडली होती.

संस्थेने स्वतः ठेवलेले आकडे म्हणून कुणी शंका घेईल. त्याचंही उत्तर मिळालं आहे. २०१० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘बुलेटिन’मध्ये एक तुलनात्मक अभ्यास छापून आला. प्रकल्पाची गावं आणि जवळपासची तशाच परिस्थितीतली इतर गावं यांची त्यात तुलना होती. पहिल्या महिन्यानंतर ते पाच वर्षांपर्यंतच्या मुलांचा मृत्यूचा धोका प्रकल्पाच्या गावांत सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळला. काम सुरू होऊन दोन दशकं उलटल्यानंतरच्या काळाची ही मोजणी होती आणि तोवर लस, रस्ते, सरकारी दवाखाने इतर गावांतही पोहोचलेले होते. तरीही अंतर उरलं होतं.

बाहेरच्या जगाने जामखेडची दखल लवकर घेतली. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये ‘हेल्थ बाय द पीपल’ हा ग्रंथ काढला. चीन, क्यूबा, टांझानिया अशा देशांतल्या प्रयोगांसोबत त्यात जामखेडवर आरोळे दांपत्याने लिहिलेलं प्रकरण होतं. तीन वर्षांनी, १९७८ मध्ये, अल्मा-आटा इथे प्राथमिक आरोग्याचा जाहीरनामा झाला. त्यामागच्या विचाराला ज्या मोजक्या ठिकाणच्या कामाचा आधार होता त्यांत हा दुष्काळी तालुका होता, याचा मराठी माणसाने अभिमान बाळगायला हरकत नाही. १९७९ मध्ये दोघांना मिळून रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला, १९९० मध्ये रजनीकांत पद्मभूषण झाले. पण जगासमोर बोलायला फक्त डॉक्टर गेले असंही नाही. मुक्ताबाई पोळ या जामखेडच्या आरोग्य कार्यकर्तीने वॉशिंग्टनमधल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत भाषण केलं. सभागृहातल्या झुंबराकडे बोट दाखवून त्यांनी आपल्यासारख्या बायकांची तुलना पणतीशी केली : झुंबर देखणं आणि महागडं, त्याचा उजेड इथल्या इथेच, पणती स्वस्त आणि एकीवरून दुसरी लावता येणारी. श्रोते उभे राहून टाळ्या वाजवत होते.

सरकारनेही गावातल्या माणसाला आरोग्य शिकवण्याची कल्पना उचलली. जनता राजवटीत २ ऑक्टोबर १९७७ रोजी सामुदायिक आरोग्य कार्यकर्त्यांची देशव्यापी योजना सुरू झाली. पण निवडले गेले बहुतेक पुरुष, आणि बाळंतपण व मूल हे ज्या कामाचं हृदय, तिथे पुरुषाला प्रवेशच नव्हता. योजना काही वर्षांत विरली. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानासोबत ‘आशा’ आली तेव्हा ही चूक दुरुस्त झाली. हजार लोकवस्तीमागे एक, गावातलीच बाई. जामखेडचं ऋण इथे उघड दिसतं. मात्र आशाचं सुरुवातीचं प्रशिक्षण २३ दिवसांचं, वर्षभरात टप्प्याटप्प्याने देण्याचं ठरलं. जामखेडात बायका वर्षानुवर्षं दर आठवड्याला येत राहिल्या. त्या नवा धडा घेऊन जात, तशा गावातली नवी अडचणही घेऊन येत. पुढच्या आठवड्यात काय शिकवायचं ते त्या अडचणींवर ठरे. पद सरकारला उचलता आलं. आठवड्याची ती बैठक उचलता आली नाही आणि खरी ताकद बैठकीत होती.

१९९४ मध्ये संस्थेने सामुदायिक आरोग्याचं प्रशिक्षण आणि संशोधन करणारं केंद्र सुरू केलं. देशोदेशीचे डॉक्टर, नर्स, नियोजनकार तिथे येतात. त्यांना शिकवणाऱ्यांत गावच्या आरोग्य कार्यकर्त्या असतात. दुभाष्यामार्फत त्या मराठीत बोलतात आणि समोरचे पदवीधर वह्यांत टिपणं घेतात. कृत्रिम पाय बनवण्याची कार्यशाळा, खडकत इथली प्रशिक्षण देणारी शेती, किशोरी मुलींचे वर्ग ही कामंही मधल्या काळात उभी राहिली. यातलं प्रत्येक काम कुठल्याशा गावाच्या मागणीला जोडलेलं आहे. पायाची कार्यशाळा घ्या. पाय गमावलेला शेतकरी किंवा मजूर भिकेला लागतो. त्याला दूरच्या शहरात धाडण्यापेक्षा पाय इथेच, साध्या अवजारांनी, गावातल्याच शिकवलेल्या कारागिरांकडून बनवता आला तर तो पुन्हा रानात उतरतो.

मेबल आरोळे १९९९ मध्ये गेल्या, रजनीकांत २०११ मध्ये. संस्थापकांच्या पश्चात बऱ्याच संस्थांची एकतर समाधी होते नाहीतर दुकान. जामखेडचं काम त्यांची मुलं, डॉ. शोभा आरोळे आणि रवी आरोळे, पुढे नेत आहेत. प्रश्न आता निराळे आहेत. बरीच गावं बालमृत्यूच्या जुन्या छायेतून बाहेर आली आहेत आणि मधुमेह, रक्तदाब, व्यसनं, मनाचे आजार तिथे पोहोचले आहेत. एकेकाळी जुलाबाचं पाणी शिकलेल्या बायका रक्तदाबाचा पट्टा दंडाला बांधायला शिकल्या. पहिल्या पिढीतल्या बऱ्याच जणी आता थकल्या आहेत. त्यांच्या जागी येणारी सून किंवा नात शाळा शिकलेली असते, हातात मोबाइल असतो आणि नोकरीची अपेक्षाही असते. ती अपेक्षा रास्त आहे. १९७२ च्या जामखेडसाठी ठरवलेली बिनपगारी रचना हिच्यासाठी कशी बदलायची, हे संस्थेपुढचं सध्याचं नियोजन आहे, आणि त्याचं उत्तर याही वेळी गावांना विचारूनच काढावं लागेल.